मधुमेहात जेवण पोटातच रेंगाळतं तेव्हा

दोन घासांत पोट तुडुंब, आणि सकाळच्या ढेकराला रात्रीच्या भाजीचा वास. जुन्या मधुमेहात जठराला हलवणारी व्हेगस नस दुखावली की असं होतं. इन्सुलिन वेळेवर कामाला लागतं, अन्न मात्र जठरातच; म्हणून जेवल्यावर साखर घसरते आणि काही तासांनी उसळते. खात्री गॅस्ट्रिक एम्प्टिंग स्कॅनने, म्हणजे जठर किती वेगाने रिकामं होतं ते पाहणाऱ्या तपासणीने होते: ४ तासांनी १० टक्क्यांहून जास्त अन्न उरलं, तर गती मंद.

भाकरी, मोडाची उसळ, कच्ची कोशिंबीर इथे अडतात. एरवीचा ‘फायबर वाढवा’ सल्ला उलटतो. दिवसातून ५-६ वेळा थोडं थोडं खा: गुरगुट्या भात, मुगाचं पातळ वरण, तूप नावापुरतं. अन्न पचत नाही म्हणजे पोटात ‘आम्ल कमी पडतंय’ असं समजून व्हिनेगर घेणं तर नकोच, त्याने जठर आणखी हळू रिकामं होऊ शकतं. इन्सुलिनची वेळ डॉक्टरांना विचारूनच बदला.