तुम्ही विचारलंत म्हणून: खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकमधल्या अळीला कोणतं औषध टाकू?

फोटो अंधुक असतो, त्यावर लाल गोल काढलेला, आणि खाली प्रश्न: ‘दादा, हा किडा कसला? औषध सांगा ना.’ घाई कळते मला. कोरलवर जीव लावलेला असतो. तरी मी औषधाचं नाव आधी सांगत नाही, मग लोक म्हणतात, हा सरळ उत्तरच देत नाही.

सरळ सांगतो. बहुतेक वेळा ती साधी ब्रिसलवर्म असते: गुलाबी-करडी, दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे झुबके. उरलेलं खाणं, मेलेली गोगलगाय, खडकाच्या फटीतला गाळ, सगळं तीच संपवते. मेलेल्या माशावर सापडली म्हणून तिनेच मारला असं होत नाही. फार वाढल्या तर खाणं कमी टाका. उचलताना हातमोजे घाला. केस कातडीत मोडतात आणि आग होते.

‘मग तुम्ही स्वतःचा खडक का फोडलात?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला.

फोडला, कारण ती ब्रिसलवर्म नव्हती. झोआंचा, म्हणजे बटणासारख्या छोट्या कोरलांचा, गालिचा एका कडेने कमी होत चालला होता. दिवसा काही दिसेना. रात्री लाल टॉर्च लावून बसलो, तेव्हा भोकातून डोकं आलं. त्यावर ठळक पाच शृंगिका, अंगावर रस्त्यावर सांडलेल्या तेलासारखी सप्तरंगी झाक. झोआ धरून ती आत ओढत होती. युनिसिड, म्हणजे बॉबिट वर्मच्याच कुळातली. इंग्लंडमधल्या न्यूकीच्या मत्स्यालयात 2009मध्ये देखावा उचकटला, तेव्हा कुठे चारेक फुटांची बॉबिट हाती लागली होती.

अशीला ओढून काढता येत नाही. तुटते, आणि अर्धी आतच राहते. खडक बादलीत घेतला, भोकात सोडा वॉटर सोडलं. डोकं बाहेर आलं, परत आत गेलं. शेवटी छिन्नी. त्याच खडकावर माझी सगळ्यात जुनी लेदर कोरल होती. ती बुंध्याशी कापताना बुळबुळीत स्राव बोटांना लागत होता, आणि बायको दारात उभी होती, काही न बोलता. अळी अख्खी मिळाली. लेदरची कापलेली जागा मात्र सडत गेली, ती वाचली नाही.

खडक सम्पमध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या पाणी गाळायच्या टाकीत, हलवून अळी आणि लेदर दोघींना जगू द्यायचं, असं मला ऐकवतात. माझ्या सम्पमध्ये उजेड नाही, लेदर तिथे टिकली नसती. हे उत्तर मी देतो, आणि ते मलाच पुरत नाही. टँक नवा होता तेव्हा मी म्हणायचो, परकं दिसेल ते बाहेर. आता ‘राहू द्या’ म्हणणाराही मीच. तुम्हाला यात विसंगती दिसत असेल, तर ती आहेच.

औषध खरंच लागतं ते लाल फ्लॅटवर्मना, म्हणजे चपट्या अळ्यांना. पण मरताना त्या अंगातलं विष पाण्यात सोडतात. आधी सायफनने जमतील तेवढ्या ओढून घ्या. पाणी शुद्ध करणारा ताजा कार्बन आणि बदलायचं मिठाचं पाणी हाताशी ठेवा. ॲक्रोपोरा कोरल खाणाऱ्या फ्लॅटवर्मची अंडी डिपने, म्हणजे कोरल औषधाच्या पाण्यात बुडवून, मरत नाहीत, म्हणून तिथे पुन्हा पुन्हा डिप.

आणि फोटो डोक्याचा पाठवा, रात्रीचा. शेपटीवरून मला ओळखता येत नाही.