माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण

परवा एका विद्यार्थिनीने कपाटातून माझा प्रबंध काढला आणि विचारलं, "मॅडम, चौथ्या प्रकरणातला हा आलेख संदर्भाला घेऊ का?" म्हटलं, नको. तिसरं वाच, चौथं सोड.

माझी सगळी उमेद डायमंड-लाइक कार्बनच्या, म्हणजे आमच्या भाषेत डीएलसीच्या, पातळ थरांत गेली. हिऱ्यात प्रत्येक कार्बन चार शेजाऱ्यांना धरून असतो (एसपी3), ग्राफाइटमध्ये तिघांना (एसपी2). डीएलसीत दोन्ही तऱ्हा रांग-शिस्त न पाळता एकत्र कोंबलेल्या, आणि बहुतेकदा मध्ये हायड्रोजन घुसलेला. 1971 साली आयझेनबर्ग आणि चॅबट यांनी आयनांच्या झोताने असे थर बनवले. आज हार्ड डिस्कवर, दाढीच्या पात्यांवर, इंजिनाच्या भागांवर ते असतात.

आमचं यंत्र साधं होतं. स्टीलचं चेंबर, दोन इलेक्ट्रोड, 13.56 मेगाहर्ट्झचा आरएफ (रेडिओ-फ्रीक्वेन्सी) वीजपुरवठा, ॲसिटिलीनचा सिलिंडर. रात्रभर पंप चालू ठेवायचा, सकाळी गॅस सोडून प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, पेटवायचा. ज्या लहान इलेक्ट्रोडवर सँपल ठेवतो त्यावर काहीशे व्होल्टचा ऋण बायस (विद्युतदाब) आपोआप बसतो, आणि आयन त्या जोराने येऊन आदळतात. सिलिकॉनवर थर चढताना आधी तपकिरी, मग गडद निळा रंग येतो. निळा म्हणजे साधारण 80 नॅनोमीटर. हा रंग बघायला मला अजूनही आवडतं.

पण कठिणता मोजायला जाड थर हवा, आणि जाड थर टिकेना. कधी चेंबरमध्ये हवा सोडताच सुटायचा, कधी दोन दिवसांनी डबीत. सूक्ष्मदर्शकाखाली नागमोडी फुगवटे दिसायचे, जुन्या टेलिफोनच्या वायरीसारखे. एकदा तर माझ्या डोळ्यांदेखत एक फुगवटा वळणं घेत पुढे सरकत गेला. मी कितीतरी वेळ नुसती बघत बसले.

मी ठरवून टाकलं, घाण राहतेय. पुढचे सहा-सात महिने ॲसिटोन, अल्कोहोल, अल्ट्रासॉनिक बाथ. चेंबरला हात लावणाऱ्या प्रत्येकावर संशय! शेवटी सर म्हणाले, "पकड कमी पडते असंच का धरून चालतेस? थराला स्वतःला किती पसरायचंय ते मोज की."

सिलिकॉनच्या बारीक पट्टीवर थर चढवला की पट्टी किंचित वाकते. त्या बाकावरून स्टोनीच्या 1909 च्या सूत्राने ताण काढला, तर गिगापास्कलमध्ये, म्हणजे प्रचंड! आयनांच्या ज्या माऱ्याने कार्बन दाटीने बसून थर कडक होतो, त्याच माऱ्याने तो आतून दाबलेला राहतो. जाडी वाढेल तशी साठलेली ऊर्जा वाढते आणि एका जाडीला पकड हरते, सबस्ट्रेट (थराखालचा पृष्ठभाग) कितीही घासा. हे तिसरं प्रकरण. स्टीलसाठी आधी सिलिकॉनचा पातळ थर द्यायचा, हेही त्यातच आहे.

मग चौथ्या प्रकरणासाठी मी बायस उतरवला. ताण गेला, जाड थर छान बसले. रामन घेतलं, म्हणजे 514.5 नॅनोमीटरचा हिरवा लेझर टाकून विखुरलेल्या प्रकाशाच्या वर्णपटातून बंध ओळखायचे. 1350 सेमी⁻¹ जवळचा डी पीक, जो एसपी2 कार्बनच्या कड्यांमुळे येतो, जवळजवळ नाहीसा. डी लहान म्हणजे एसपी3 जास्त, म्हणजे थर हिऱ्याच्या जवळचा, असं तेव्हा आम्ही बिनदिक्कत म्हणायचो. कठिणता मात्र सगळ्यांत कमी आली. त्यावर मी लिहिलं, "कठिणतेचं मापन पुन्हा तपासणं आवश्यक." ते वाक्य अजून बोचतं.

पदवी मिळाल्यावर दोन वर्षांनी, 2000 साली, फेरारी आणि रॉबर्टसन यांचा फिजिकल रिव्ह्यू बीमधला लेख ग्रंथालयात उभ्याउभ्याच वाचला. हिरव्या लेझरला एसपी2 बंध एसपी3पेक्षा पन्नास पटींहून अधिक ठळक दिसतात. वर्णपटात दिसते ती एसपी2ची मांडणी. एसपी3चा अंदाज फक्त आडून. आणि माझ्या मऊ थरात एसपी3 असेलही भरपूर, पण कार्बनचा एखादा हात हायड्रोजनने अडवलेला. हायड्रोजन पुढे कुणाला धरत नाही, जाळं तिथेच तुटतं. असा थर पॉलिमरसारखाच, म्हणजे प्लास्टिकसारखा मऊ, वागणार. मापन बरोबर होतं.

हे सगळं त्या विद्यार्थिनीला सांगितलं. ती म्हणाली, मग तोच थर पुन्हा बनवून हायड्रोजन मोजूया. काल पहिला रन झाला. निळा आलाय.