ज्याला सवड, त्याला दर

आमच्याकडं सांगलीत हळदीच्या लिलावाला कोणी लिलाव म्हणत नाही, सौदे म्हणतात. ‘आज सौदे हायत का’, ‘सौद्यात काय दर निघाला’, असंच. सौदा हा शब्द फारसीतनं आला, दलाल अरबीतनं, आणि ऑफिसातली पोरं सारखं म्हणतात तो निगोशिएशन लॅटिनमधनं. ह्या शेवटच्याचं मूळ वाचल्यापासनं ते डोक्यातनं जाईना. लॅटिनमध्ये ओटियम म्हणजे निवांतपणा, सवड, आणि त्याच्याआधी नकाराचा नेक लागला की झालं नेगोटियम, म्हणजे सवड नाही, कामधंदा आहे. त्यावरनं व्यापार, आणि पुढं इंग्रजीत त्याचा अर्थ झाला वाटाघाटी, देण्याघेण्याची बोलणी.

पण मी बाजारात जे बघत आलोय ते बरोबर उलटं आहे. सवड नसलेला माणूस बोलणी करूच शकत नाही, तो फक्त मिळेल ते घेऊन घरी जातो.

खरसुंडीला सिद्धनाथाच्या पौषी यात्रेत खिलार जनावरांचा बाजार भरतो, तिथं जाऊन बघा. घेणारा येणार, वय कळावं म्हणून दात बघणार, आदत (म्हणजे अजून दुधाच्या दातांचा) आहे का दोन दाती का जुळलेला (सगळे दात आलेला), खोंड चालवून बघणार, खोड काढणार, निघून जाणार, चहा पिऊन परत येणार. मग दलाल मध्ये पडतो आणि टॉवेलाखाली हात जातात, आकडा बोटांवर, तोंडानं एक शब्द नाही. भोवती एवढी माणसं उभी पण कोण किती खाली आला ते कुणालाच कळत नाही. त्यामुळं होतं काय, की सौदा मोडला तरी विकणाऱ्याचं काही बिघडत नाही, पुढच्या गिऱ्हाइकाला आधीचा आकडा माहीतच नसतो, आणि तो निवांत बैलापाशी बसून राहू शकतो. तो टॉवेल मला फार शहाणपणाचा वाटतो.

हीच पद्धत शेतमालाच्या बाजारात मात्र शेतकऱ्याच्या मुळावर आली, तिला हत्ता म्हणायचे. कारण कापडाखाली हात आडत्याचा, म्हणजे शेतकऱ्याचा माल कमिशनवर विकून देणाऱ्याचा, आणि खरेदीदाराचा, आणि ज्याचा माल तो बाजूला उभा, त्याचा हातच आत नाही. 1928 च्या शाही कृषी आयोगानं नियंत्रित बाजारांची शिफारस केली, पुढं महाराष्ट्राचा 1963 चा बाजार समिती कायदा आला आणि उघड बोली ठरली. ते फार चांगलं झालं, ह्यात मला शंका नाही.

तरी उघड बोलीतसुद्धा सवडीचा प्रश्न राहतोच ना. वसंतदादा मार्केट यार्डात पोती उतरली, दर पटला नाही, तर नको म्हणायचा हक्क शेतकऱ्याला आहे. पण सोसायटीचं कर्ज भरायचंय, पोरीचं लग्न ठरलंय, आणि त्यात आडत्याकडनं आधीच उचल घेतलीय, तर तो नको म्हणणार कसा? उचल घेतली तिथंच सगळं ठरून गेलेलं असतं, सौदा नंतर नुसता दिसायला होतो.

जुन्या लोकांना हे पक्कं कळत होतं असं मला वाटतं. हरिपूरच्या जमिनीत खोल पेवं खणून हळद ठेवायचे, वर्ष वर्ष टिकायची, दर नसला तर राहू दे पेवात. 2005 च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि त्या पद्धतीला मोठाच दणका बसला. आता कोल्ड स्टोरेज आहेत, वेअरहाऊस आहेत, पण भाडं भरायला आणि घर चालवायला हातात पैसा लागतो.

म्हणून पणन मंडळाची शेतमाल तारण योजना मला एवढी महत्त्वाची वाटते. 1990-91 पासनं ती चालू आहे. हळद बाजार समितीच्या गोदामात ठेवायची, किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजानं घ्यायचं, मुदत 180 दिवस. म्हणजे सहा महिन्यांची सवड हातात येते, आणि विकायचं कधी ते आपण ठरवतो. पण पारावर बसलं की कर्जमाफीवर तासन्‌तास बोलणं चालतं आणि तारणाचं नाव कोणी काढत नाही, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं. यंदा हळद शिजवून, वाळवून पॉलिश झाली की उचलीसाठी आडत्याला फोन लावायच्या आधी बाजार समितीत जाऊन तारणाचं विचारा, सोबत सातबारा आणि पीकपाण्याची नोंद घेऊन जा.