आमची वाटचाल: गाडी तापते, पण गॅरेजमध्ये नाही

सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचं रेडिएटर, कूलिंग आणि एसीचं गॅरेज आहे. सुरुवात आण्णांनी केली, म्हणजे माझ्या वडिलांनी. पुणे-हैदराबाद रस्त्यावरचे ट्रक, उसाचे ट्रॅक्टर आणि जीप, एवढंच तेव्हाचं गिऱ्हाईक. रेडिएटर तांब्या-पितळेचे असायचे. गळका रेडिएटर हौदात बुडवायचा, हवा भरायची, बुडबुडा कुठून येतो ते बघायचं आणि तिथं कथलाचा डाग द्यायचा. चोंदला असेल तर वरची टाकी उतरवून पट्टीने एकेक नळी मोकळी करायची. त्याला रॉडिंग म्हणतात. बुडबुडा दिसल्याशिवाय डाग द्यायचा नाही, असा आण्णांचा नियम होता. कितीही घाईचं गिऱ्हाईक असो, हौदात बुडवल्याशिवाय रेडिएटर परत जात नसे.

मग ॲल्युमिनियमचे रेडिएटर आले, वर-खाली प्लास्टिकच्या टाक्या. त्यांना डाग बसत नाही, रॉडिंगही होत नाही. खराब झाला की काढा आणि नवा बसवा. आमच्या धंद्याचा कणाच मोडला. लाईनीतली बरीच दुकानं बंद झाली, काहींनी पंक्चर आणि बॅटरीचं काम धरलं. मी तेव्हा वायरिंग शिकत होतो. आण्णांना म्हटलं, रेडिएटर दुरुस्त होत नसेल तर गाडी का तापते ते शोधण्याचं काम करू. हे शोधून देणारं गावात कोणी नव्हतं. आपल्या देशात 2013 पासून नव्या गाड्यांना ओबीडी-2, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून स्कॅनरला सांगायची सोय, सक्तीची झाली आणि स्कॅनरवर पाण्याचं तापमान आकड्यात दिसायला लागलं. आमच्यासाठी तो नवा हौद होता.

सोलापूर हे गाडी तापण्याचं गाव आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो. त्यात बोअरचं पाणी जड. गीझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच इंजिनच्या पाण्याच्या वाटांमध्येही बसतो. कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, बॉटलमधली पातळी उतरली की लोक घरचंच पाणी ओततात. आम्ही सांगत राहतो, डिस्टिल्ड पाणी वापरा, कूलंट कंपनीने सांगितलंय तेच घ्या आणि रंग बघून मिसळू नका. हिरवं, गुलाबी, निळं हा नुसता रंग आहे, त्यावरून आतलं रसायन कळत नाही. न जुळणारी दोन रसायनं एकत्र आली की काही वेळा आत गाळ होतो.

दुसरी सवय थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, काढून टाकण्याची. "आपल्याकडं ऊन लई, त्याची गरजच नाही," असं सांगून तो फेकून देतात. मला याचा मनापासून राग येतो. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना रेडिएटरची वाट मोकळी करतो आणि त्याच वेळी खालच्या चकतीने बायपास, म्हणजे रेडिएटरला वळसा घालणारी वाट, बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा. थोडं पाणी रेडिएटरकडे न जाता इंजिनमध्येच फिरत राहतं. रोजच्या चालवण्यात गाडी थंड राहते, इंजिन नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त जातं. चढावर, पूर्ण लोडवर मात्र तीच गाडी तापू शकते.

आमच्या कामाला वळण दिलं ते एका गाडीने. परदेशी बनावटीची टर्बो पेट्रोल सेडान, दोनशेहून जास्त हॉर्सपॉवरची. मालक टॉवेलच्या कारखानदारांच्या घरातले, वयाने माझ्याएवढेच. तक्रार अशी की गाडी कधीतरीच तापते. हायवेवर नाही, तुळजापूरच्या घाटात नाही. पुण्याहून सुसाट यायचं आणि गावात शिरून सात रस्त्याच्या गर्दीत अडकलं की सुई वर, लाल दिवा. गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ थांबलं की सगळं ठीक. आमच्याकडे येण्याआधी थर्मोस्टॅट, वॉटर पंप आणि रेडिएटर बदलून झाले होते. शेवटी कुणीतरी "हेड गॅस्केट गेलं असणार" म्हणालं, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, तेव्हा ते घाबरून आले.

मी आधी त्यांना सुईबद्दल सांगितलं. आजच्या बऱ्याच गाड्यांत सुई खरं बोलत नाही. पाणी 75 अंशांवर असो की 105 वर, ती मध्यावर उभी राहते, म्हणजे चालवणारा उगाच घाबरू नये. ती हलेपर्यंत उशीर झालेला असतो. उलट काही टर्बो इंजिनं हलक्या चालीत मुद्दाम 105 च्या आसपास चालतात आणि जोर दिला की 90 च्या खाली येतात, तिथे 105 हा बिघाड नव्हे. म्हणून आकडा बघायचा, आणि तो कोणत्या परिस्थितीत आला तेही बघायचं.

वेगात तापत असेल तर पाण्याच्या प्रवाहाकडे संशय जातो: पंप, चोंदलेला कोअर म्हणजे रेडिएटरची नळ्यांची जाळी, पंपाच्या ओढीने आत चेपणारा खालचा होज म्हणजे रबरी पाइप, गॅस्केट. उभ्याने तापत असेल तर हवेकडे. वेगात हवा आपोआप येते, उभ्या गाडीला ती फॅननेच मिळते. एवढ्या एका प्रश्नाने अर्धे पार्ट यादीतून जातात. तरी गॅस्केटची शंका आम्ही फेडून घेतली. थंड इंजिनवर पंपाने दाब देऊन ठेवला, काटा उतरला नाही. बॉटलच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी लावली. सिलिंडरमधला वायू पाण्यात येत असेल तर तो द्रव पिवळा पडतो. निळाच राहिला. झाकणही तपासलं, कारण झाकण दाब धरत असेल तरच पाणी 100 अंशांच्या वर उकळायचं थांबतं. दाब साधारण 1 बार धरला तर साधं पाणीही 120 च्या आसपास उकळतं. झाकण ठीक होतं.

आता फॅन. गॅरेजमध्ये एसी लावला की फॅन फिरत होता, म्हणून आधीच्या सगळ्यांनी त्याला चांगला ठरवलं होतं. पण या फॅनला दोनच वेग नसतात. इंजिनचा कॉम्प्युटर त्याला गरजेप्रमाणे टक्क्यांत हुकूम देतो. गॅरेजच्या सावलीत तो पस्तीस-चाळीस टक्क्यांवर फिरत होता. पूर्ण वेगाची वेळ तिथे येतच नव्हती. मग आम्ही फॅनच्या दोन्ही वायरींवरून मीटरची लीड आत डॅशबोर्डवर आणली, शेजारी स्कॅनर, आणि भर दुपारी एसी चालू ठेवून गाडी तिच्या नेहमीच्या वाटेने चालवली. हायवेवर पाणी 92 अंशांवर. सात रस्त्याला आलो तसा 100, 104, फॅनला हुकूम नव्वद टक्क्यांचा. आणि तेवढ्यात फॅनवरचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा चार व्होल्टने खाली. फॅन बंद. 109. आम्ही एसी बंद करून हीटर पूर्ण लावला, गाडी बाजूला घेतली. थोड्या वेळाने फॅन आपोआप सुरू.

चूक अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परत जाण्याच्या जोडणीत, होती. गाडीचा पुढचा भाग कधीतरी ठोकून रंगवला होता आणि फॅनच्या अर्थचा बोल्ट रंगावरच आवळला होता. तिथे जेमतेम एक दशांश ओहमचा अडथळा. फॅन हळू फिरताना 8 अँपिअर घेतो, तेव्हा 0.8 व्होल्ट जातात, कुणाला कळत नाही. पूर्ण वेगाला 40 अँपिअर लागतात, मग 4 व्होल्ट जातात आणि व्होल्टेज कमी पडलं म्हणून फॅनची इलेक्ट्रॉनिक्स स्वतःला वाचवायला बंद होते. साध्या मीटरवर, गाडी बंद असताना हा अडथळा दिसत नाही. तो करंट वाहतानाच मोजावा लागतो.

पण फॅनला पूर्ण वेगाची इतकी गरज का पडत होती? बंपर उतरवला तेव्हा कळलं. या गाडीत पुढे टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर, त्यामागे एसीचा गॅस थंड करणारा कंडेन्सर, त्यामागे रेडिएटर, असे तीन थर. गाडी रोज कारखान्याच्या आवारात उभी. लूमची कापसाची तुसं आत ओढली जाऊन कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये गादीसारखी बसली होती. समोरून टॉर्च मारला तर काही दिसत नाही. नव्या रेडिएटरवरही नवा थर सुरू झाला होता. आम्ही थर सुटे केले आणि इंजिनच्या बाजूने बाहेर, कमी दाबाच्या पाण्याने धुतले. प्रेशर गनने फिन्स, म्हणजे नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या, वाकतात आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. बोल्टखालचा रंग घासून काढला. गाडी परत तापली नाही.

बिलात पार्ट एकही नव्हता. नुसते तपासणीचे आणि मजुरीचे पैसे. गावात तोवर असं बिल कोणी देत नव्हतं, कारण लोकांच्या लेखी पैसे पार्टचे असतात आणि बघायचं फुकट. त्या मालकांनी बिल न बोलता दिलं, कारण मीटरचा आकडा पडताना त्यांनी शेजारी बसून बघितला होता. त्यानंतर आम्ही दारावर बोर्ड लावला: तपासणीचे पैसे वेगळे, कारण दाखवल्याशिवाय पार्ट बदलणार नाही. काही जुनी गिऱ्हाइकं गेली. आण्णांनाही ते सुरुवातीला पटलं नव्हतं, बघायचे पैसे घेणं त्यांना अवघड वाटायचं. मी म्हटलं, हौदात बुडवायला वेळ लागायचाच की, तेव्हा तो डागाच्या पैशात धरलेला होता. आता डागच राहिला नाही. हळूहळू विजापूर, लातूर, कलबुर्गीकडूनही वेगवान गाड्या यायला लागल्या. रीमॅप करून, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, ताकद वाढवलेल्यांना मी आधीच सांगतो: जास्त ताकद म्हणजे जास्त इंधन आणि जास्त उष्णता, पण रेडिएटर तोच आहे.

आज आम्ही गाडी आणायला सांगण्याआधी फोनवरच विचारतो. वेगात तापते की उभ्याने? एसी चालू होता का? हीटर लावल्यावर उतरतं का? पाणी कमी होतं का, आणि झालं तर काय ओतलं? पुढचा भाग कधी ठोकला होता का? गाडी रोज कुठे उभी असते? उत्तरं लिहून घेतो आणि गाडी शक्यतो दुपारी मागवतो. गरम झाकण मात्र कोणीही उघडू नये, आम्ही येईपर्यंत बोनेट उघडं ठेवून थांबावं.