प्रश्नचिन्ह = 68

'हली ना के रब से फरियाद', 'बेटा मांगे कार स्कूटर बाप राजी'. दहावीत ज्याने हे घोकलं नाही असा माणूस विरळा. पहिल्यात आवर्तसारणीचा, म्हणजे मूलद्रव्यांच्या तक्त्याचा, हायड्रोजनपासून फ्रान्सिअमपर्यंत आख्खा पहिला गण (उभा रकाना) बसतो, दुसऱ्यात बेरिलिअम ते रेडिअम, आणि दोन मार्क खिशात. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही, पण एवढं पाठ करून पोरांना वाटतं की हा तक्ता म्हणजे कुणीतरी नीट आखून भरलेली वही, आणि गंमत नेमकी उलटी आहे राव.

1869 साली रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने रशियात पहिला तक्ता छापला तेव्हा मूलद्रव्यं माहीत होती जेमतेम 63. अणुवस्तुमानाच्या चढत्या क्रमाने लावत गेलं की ठराविक अंतराने सारख्या स्वभावाची मंडळी परत येतात हे त्याला दिसलं, तसं ते न्यूलँड्स या इंग्रज रसायनशास्त्रज्ञालाही आधी दिसलं होतं म्हणा, त्याने तर सा रे ग म सारखी अष्टकं मांडली, तर 1866 मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीत एकाने त्याला विचारलं की एबीसीडीप्रमाणे लावून बघितलंत का! मेंडेलीव्हचा खरा कलंदरपणा असा की जिथे कुणी बसेना तिथे त्याने ओढूनताणून कुणाला बसवलं नाही. त्या पहिल्या तक्त्यात चक्क छापलंय, ? = 45, ? = 68, ? = 70. पंगतीत अजून न आलेल्या पाहुण्याचं पान मांडून ठेवायचं आणि वर त्याचं वजनही सांगायचं, म्हणजे कमालच.

आणि पाहुणे आले की. 1875 मध्ये फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ ब्वाबोद्रानला गॅलिअम सापडलं, तेच ते ? = 68. त्याने घनता मोजली, 4.7. मेंडेलीव्हने ते धातू हातात घेणं सोडा, डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं, तरी कळवलं की 5.9 च्या आसपास असायला हवी, नमुना अजून शुद्ध करून बघा. ब्वाबोद्रानने शुद्ध करून परत मोजली आणि आली 5.9. शोध लावणाऱ्याला घरबसल्या असं सांगायचं म्हणजे काय कॉन्फिडन्स असेल! हेच गॅलिअम साधारण 30 डिग्रीला वितळतं, आपल्याकडे मे महिन्यात बाटलीत नुसतं टेबलावर ठेवलं तरी पाणी होईल. घरातल्या एलईडी बल्बमध्ये पण तेच असतं, नायट्रोजनशी जोडलेलं.

पण स्वभाव परत परत का येतो? हे मला शाळेत कळलं नव्हतं, सोडिअम बघितल्यावर कळलं. रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेला तुकडा, सुरीने चीजसारखा कापला जातो, आतून चकचकीत आणि बघता बघता मळकट होतो. पाण्यात टाकला की गोळा होऊन सुर्रर्र करत पळत सुटतो. त्याच्या वरच्या घरातलं लिथिअम नुसतं फसफसतं, खालचं पोटॅशिअम जांभळट ज्योत घेऊन पेटतंच. तिघांच्याही बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन एकच, फक्त खाली जावं तसा तो केंद्रापासून लांब आणि सुटायला सोपा. गणात खाली आकार वाढतो, धातुगुण वाढतो वगैरे जे आपण घोकतो ना, ते सगळं यातनंच येतं.

इलेक्ट्रॉन मात्र मेंडेलीव्हच्या वेळी कुणाला माहीतच नव्हता. क्रम लावायचा तो वजनावरच, तरी टेल्युरिअम आयोडीनपेक्षा जड असूनही त्याने ते आधी ठेवलं, कारण आयोडीनचा स्वभाव क्लोरीन-ब्रोमीनसारखा, आणि म्हणाला वजनच चुकीचं मोजलंय. वजन बरोबर होतं. जागाही बरोबर होती. चुकीचा होता तो वजनाचा नियम, 1913 मध्ये मोसली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने एक्स-रे वापरून दाखवलं की खरा क्रम अणुअंकाचा, म्हणजे केंद्रातल्या प्रोटॉनच्या संख्येचा. हा पोरगा दोनच वर्षांनी पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत मारला गेला, वय 27.

बाकी मेंडेलीव्हही काही देव नव्हता. 1894 मध्ये हवेत आरगॉन हा वायू सापडला, त्याच्यासाठी तक्त्यात जागाच नव्हती, तर म्हातारा म्हणे हा तीन अणूंचा नायट्रोजन असेल. मग हीलिअम आला, 1898 मध्ये निऑन, क्रिप्टॉन, झेनॉन पण आले, कुणाशी काही घेणं नाही देणं नाही असे सगळे एका वळणाचे. शेवटी त्यांच्यासाठी आख्खा नवा उभा रकाना जोडावा लागला, आणि तो जोडताना आधीच्या एकालाही जागेवरून उठवावं लागलं नाही.