हरिहर: पायऱ्यांवर सॅक उघडता येत नाही

हरिहर किल्ल्याच्या पायथ्याच्या निरगुडपाडा गावापासून कातळात कोरलेल्या पायऱ्यांच्या तळापर्यंत चढ आहे, दम लागतो, बाकी सांगण्यासारखं काही नाही. पुढे मात्र ‘ट्रेकिंग किट’ म्हणून विकली जाणारी प्रथमोपचाराची तयार लाल पिशवी शुद्ध लूट ठरते. आत ढीगभर बँडेड, कापसाचा बोळा आणि पाच सेंटिमीटरचं क्रेप बँडेज. घामेजल्या कातडीवर बँडेड धरत नाही, कापसाचे तंतू जखमेत अडकतात आणि ती अरुंद पट्टी घोट्याला पुरत नाही.

त्यापेक्षा मेडिकलमधून सुटं घ्या: दहा सेंटिमीटरचं क्रेप बँडेज, निर्जंतुक गॉजची चार पाकिटं, कापडी चिकटपट्टीचा रोल, बीटाडीन मलम (बाटली सॅकमध्ये गळते), हातमोज्यांचा जोड, पॅरासिटामॉल, सेट्रिझिन, ओआरएस. खरेदी नाशिक-त्र्यंबकलाच उरका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या बाटलीत अख्खं ओतलं तर मीठ जास्त होतं, उलटी होते, होतं तेवढं पाणीही जातं.

आता पायऱ्या. जवळपास ऐंशी अंशांचा कातळ, धरायला खोबण्या. शनिवार-रविवारी वरचे उतरतात, खालचे चढतात आणि मधले खिळून उभे. बोटं सोलली, कुणाला भोवळ आली, तरी पाठीवरची सॅक काढता येत नाही. एक हात सुटला की तोलच जातो. म्हणून दोन गॉज, चिकटपट्टीचा तुकडा आणि शिट्टी कमरेच्या पाऊचमध्ये. मदतीचा इशारा म्हणजे मिनिटाला सहा फुंका, मग मिनिटभर थांबून पुन्हा. बाकीचं सॅकमध्ये, पण सॅक बुटकी हवी: दरवाजानंतर कातळाखालून वाकून जाताना उंच सॅक वर घासते आणि माणसाला बाहेर, दरीकडे ढकलते.

घोटा मुरगळला तर पट्टी बोटांच्या मुळापासून वर, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. बोटं थंड किंवा निळी पडली तर लगेच सैल करा. साप चावला तर किटमधलं काहीच कामाचं नाही. आवळून बांधू नका, चिरू नका. पाय हलू न देता उचलून खाली आणा, रेंज मिळताच 108.

हेडटॉर्चमधला एक सेल उलटा घालून ठेवा, सॅकमध्ये आपोआप पेटून उतरणार नाही.

उतरताना तोंड कातळाकडे. पोटावरचा पाऊच मध्ये येतो आणि अंग बाहेर रेटतो, तेव्हा पहिल्या पायरीआधीच तो कुल्ल्यावर सरकवा.