शून्य जकातीचा नाका

माझ्या काकांचा एक टेंपो होता आणि ते ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून मुंबईत माल पोहोचवत असत. शाळेच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी बसून जाई. त्या प्रवासातले आजही लख्ख आठवते ते मुलुंडच्या चेक नाक्यावरचे ताटकळणे. भरायची जकात काही फार नसे. टेंपोत कधी पत्र्याचे डबे, कधी पुठ्ठ्याची खोकी. पण पुढे वीस-पंचवीस गाड्या, मग खिडकी, मग बिलावरचे वर्णन आणि माल जुळत नाही म्हणून कोपऱ्यावरच्या एजंटाकडे आणखी एक फेरी, असे करता करता दोन तास सहज जात. काका म्हणायचे, ‘जकात शेठची जाते, दिवस माझा जातो.’

पुढे मी न्हावा शेव्याच्या बंदरात एका क्लिअरिंग एजंटाकडे लागलो, शिपिंग बिले आणि बिल ऑफ एंट्री, म्हणजे निर्यातीचे आणि आयातीचे कागद, भरण्यात अकरा वर्षे काढली, आणि २०१९ मध्ये पत्नीला इंग्लंडमधल्या एका रुग्णालयात परिचारिकेची नोकरी मिळाली म्हणून आम्ही केंट परगण्यात राहायला आलो. तेव्हा माझ्या विद्येला इथे काडीची किंमत नव्हती. १ जानेवारी १९९३ रोजी युरोपची एकसंध बाजारपेठ सुरू झाल्यापासून फ्रान्सहून आलेला ट्रक केंटमधल्याच डोव्हर बंदरात बोटीतून उतरे आणि थेट महामार्गाला लागे. त्याचे कागद तपासायला कोणी नसे, कारण तपासण्यासारखे कागदच नसत. युरोपच्या व्यापारापुरते कस्टमचे काम येणारी इथली पिढी निवृत्त झाली होती आणि नवी पिढी घडण्याचे कारणच उरले नव्हते. २०२० सालच्या शेवटी मात्र प्रत्येक वाहतूक कंपनीला कस्टमचे घोषणापत्र भरू शकणारा माणूस हवा होता, आणि तो कालच हवा होता. ब्रिटनने युरोपीय संघ सोडल्याचा, म्हणजे ब्रेक्झिटचा, आर्थिक परिणाम काय, असे मला कोणी विचारले, तर पहिला परिणाम म्हणजे मला नोकरी लागली, हे मी प्रांजळपणे सांगतो. त्या नोकरीचा पगार नेमका कोणाच्या खिशातून येतो हे शोधत गेले की बाकीचे परिणाम एकेक करून दिसू लागतात.

घटनाक्रम बहुतेकांना ठाऊक आहे. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला, दुसऱ्या दिवशी पौंड डॉलरच्या तुलनेत सुमारे आठ टक्क्यांनी घसरला, २९ मार्च २०१७ रोजी ब्रिटनने रीतसर नोटीस दिली, ३१ जानेवारी २०२० रोजी देश संघाबाहेर पडला, आणि जुनेच नियम चालू ठेवणारा संक्रमणकाळ संपायला जेमतेम आठवडा उरला असताना, २४ डिसेंबर २०२० रोजी, व्यापार करार झाला. दोन्ही बाजूंच्या मालावर आयात शुल्क शून्य आणि कोटाही नाही, असे त्या करारात होते. इथल्या पुष्कळ लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शुल्कच नाही म्हटल्यावर बदलणार ते काय, असा त्यांचा समज झाला. ज्याने आयुष्यात एकदा तरी नाक्यावर दोन तास घालवले आहेत, त्याचा असा समज होणे कठीण आहे.

शून्य शुल्क मिळवण्यासाठी माल ब्रिटनमध्येच तयार झाला आहे हे दाखवावे लागते, आणि ते दाखवायचे तर त्यातला कच्चा माल कुठून आला, त्यावर इथे किती प्रक्रिया झाली, याची नोंद ठेवावी लागते. शुल्क लागो वा न लागो, निर्यातीचे एक घोषणापत्र इकडे आणि आयातीचे दुसरे तिकडे भरावे लागतेच. माल रचायची लाकडी पॅलेटसुद्धा उष्णता देऊन कीडमुक्त केलेली आणि तसा शिक्का मारलेली लागते. हा शिक्का न्हावा शेव्याच्या कोणत्याही हमालाला ओळखता येईल. इथल्या गोदामात मात्र पहिल्या महिन्यात एका अनुभवी फोरमनने मला तो कसला आहे म्हणून विचारले होते. प्राणिजन्य खाद्यपदार्थ असेल तर पशुवैद्याच्या सहीचे निर्यात आरोग्य प्रमाणपत्र आले, आणि त्यावरची सही छापील मजकुराहून वेगळ्या रंगाच्या शाईत हवी, हाही नियमच आहे. काळ्या शाईतल्या सहीमुळे एखादा कागद परत आला की आमच्या कचेरीत पूर्वी हशा व्हायचा, आता कोणी हसत नाही.

आमचा एक ग्राहक चीज बनवतो. घरचाच धंदा, कामाला आठ माणसे. संघात असताना तो जर्मनीतल्या आणि फ्रान्समधल्या गिऱ्हाइकांना तीस-तीस पौंडांची पार्सले थेट पाठवायचा, आणि ते पार्सल लीड्सला पाठवण्यात आणि लियोंला पाठवण्यात टपालखर्चापलीकडे काही फरक नव्हता. आता त्या प्रत्येक पार्सलला स्वतंत्र आरोग्य प्रमाणपत्र लागते आणि पशुवैद्याची फीच पार्सलच्या किमतीच्या कितीतरी पट होते. मोठ्या ट्रकभर मालावर तोच खर्च पसरला की जाणवत नाही. तीस पौंडांच्या पार्सलवर तो बसूच शकत नाही. त्याने आधी पार्सले बंद केली, मग तिकडच्या एका घाऊक व्यापाऱ्यामार्फत एकत्र माल पाठवून पाहिला. पण त्याच्या वाट्याला ट्रकचा एक कोपराच यायचा आणि त्याच ट्रकमधल्या दुसऱ्या कोणाच्या कागदात चूक निघाली की याचे चीजही फ्रान्सच्या कॅले बंदरात अडकून पडायचे. दीड वर्षात त्याने युरोपचा नाद सोडला. त्याचे दिवाळे निघाले नाही, कोणाची नोकरी गेली नाही, वर्तमानपत्रात काही छापून आले नाही. तो फक्त दुसरे गोदाम बांधणार होता, ते त्याने बांधले नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. शुल्क मालाच्या किमतीच्या प्रमाणात लागते, कागद मात्र खेपेमागे लागतो. म्हणून शुल्काची झळ मोठ्या आणि लहान व्यापाऱ्याला सारख्याच प्रमाणात बसते आणि कागदाची झळ लहानालाच बसते. ब्रिटिश महसूल खात्याने २०१९ मध्ये केलेल्या अंदाजानुसार युरोपशी होणाऱ्या व्यापारासाठी वर्षाला सुमारे २१ कोटी ५० लाख घोषणापत्रे भरावी लागणार होती आणि त्यांचा खर्च साडेसात अब्ज पौंडांच्या घरात जाणार होता. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांनी नंतर कंपन्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे १६,४०० कंपन्यांनी युरोपला निर्यात करणे पूर्णपणे थांबवल्याचे दिसले, आणि मोठ्या कंपन्यांच्या निर्यातीत मात्र म्हणावी तशी घट सापडली नाही. माझ्यासारख्याचा पगार भरणे मोठ्या कंपनीला परवडते.

पहिले काही महिने तर विलक्षणच होते. साडेसात टनांहून जड ट्रकला युरोपकडे जाण्यासाठी केंटमध्ये शिरायचे तर आधी ऑनलाइन परवाना घ्यावा लागे आणि तो नसेल तर तीनशे पौंड दंड होई. आपल्याच देशातल्या एका परगण्याच्या वेशीवर परवाना! मी हे फोनवर काकांना सांगितले तेव्हा त्यांना ते अजिबात चमत्कारिक वाटले नाही. स्कॉटलंडहून रात्रीत फ्रान्सला पोहोचणारी ताजी कोळंबी आणि शिंपले जानेवारी २०२१ मध्ये दोन-दोन, तीन-तीन दिवस वाटेत खोळंबले आणि मासे निर्यात करणाऱ्यांनी आपले ट्रक थेट लंडनमध्ये संसदेच्या परिसरात आणून उभे केले. ज्या मासेमारीच्या नावाने सार्वमताच्या प्रचारात एवढे रान उठवले गेले, तिच्याच वाट्याला हे आले.

त्यात आणखी एक विसंगती होती. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२१ पासूनच ब्रिटिश मालाची पूर्ण तपासणी सुरू केली, तर ब्रिटनने युरोपातून येणाऱ्या अन्नपदार्थांची तपासणी पाच वेळा पुढे ढकलली आणि प्रत्यक्ष माल तपासायला ३० एप्रिल २०२४ चा दिवस उजाडला. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ फ्रेंच चीज इकडे मोकळेपणाने येत होते आणि आमच्या ग्राहकाचे चीज तिकडे अडत होते. कारण सरळ आहे: देशात खाल्ल्या जाणाऱ्या अन्नाचा मोठा भाग युरोपातून येतो आणि स्वतःच उभारलेल्या नाक्यामुळे दुकानातली फळी रिकामी पडावी, हे कोणत्याच सरकारला परवडणारे नव्हते. एवढे करूनही लंडन स्कूलच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, २०२१ संपत आले तोवर निव्वळ या नव्या अडथळ्यांमुळे अन्नपदार्थ सुमारे सहा टक्क्यांनी महागले असा निष्कर्ष निघाला.

आता एकूण हिशेब. सार्वमताआधी ब्रिटनच्या अर्थखात्याने बाहेर पडण्याचा कौल मिळताच मंदी येईल असे बजावले होते. ती आली नाही. त्या चुकलेल्या भाकितामुळे पुढे सगळ्याच अर्थतज्ज्ञांची टिंगल होऊ लागली, आणि दूर पल्ल्याचे, जास्त विचारपूर्वक केलेले अंदाजही त्या टिंगलीत वाहून गेले. सरकारच्या अंदाजपत्रकाची स्वतंत्र छाननी करणारी जी संस्था इथे आहे, तिच्या मते संघात राहिले असते त्या तुलनेत देशाची उत्पादकता अखेरीस सुमारे चार टक्क्यांनी आणि आयात-निर्यात सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी राहील. हे चार टक्के डोळ्यांना दिसत नाहीत. ज्याची पगारवाढ दहा हजारांऐवजी सहा हजारांची झाली त्याला वाढ झाल्याचेच दिसते. राहिलेले चार हजार पगाराच्या चिठ्ठीवर कुठेच छापलेले नसतात. शिवाय मध्ये कोविड आला, मग २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने गॅसचे भाव भडकले, त्यामुळे प्रत्येक महागाईचे खापर ब्रेक्झिटवर फोडणारे जितके चूक, तितकेच सगळे कोविडच्या नावे लिहून मोकळे होणारेही चूक.

उलट बाजूही नोंदवायला हवी. लंडनच्या वित्तबाजाराचे भाकीत केले गेले तसे पानिपत झाले नाही. जानेवारी २०२१ मध्ये समभागांच्या उलाढालीत ॲमस्टरडॅम पुढे गेले आणि काही हजार नोकऱ्या पॅरिस, डब्लिन, फ्रँकफर्टला गेल्या, पण सेवांची निर्यात वाढतच राहिली, कारण सल्ला आणि सॉफ्टवेअर पॅलेटवर रचून न्यावे लागत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेने आयात शुल्काचा बडगा उगारला तेव्हा ब्रिटनच्या बहुतेक मालावर दहा टक्के आणि युरोपीय संघाच्या मालावर पंधरा टक्के शुल्क लागले. हा फायदा बाहेर असल्यामुळेच मिळाला. मजुरांचे म्हणाल, तर युरोपातून माणसे येण्याचे प्रमाण घटले आणि त्यांची जागा आमच्यासारख्यांनी घेतली. केंटच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत पूर्वी रोमानिया आणि बल्गेरियाचे लोक दिसत, आता किरगिझस्तानचे आणि उझबेकिस्तानचेही दिसतात. स्थलांतर कमी व्हावे म्हणून ज्यांनी मत दिले, त्यांना हे अपेक्षित नसावे.

भारतातून माल पाठवणाऱ्यांनाही याची झळ लागते, आणि हा भाग मराठी वाचकांच्या फारसा कानावर आलेला नसतो. नाशिकची द्राक्षे हंगामात मोठ्या प्रमाणावर नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात उतरतात. पूर्वी लंडनच्या बाजारात भाव चढला तर रॉटरडॅमच्या शीतगृहातल्या चार पॅलेट संध्याकाळच्या बोटीने इकडे आणता येत, कारण युरोपात एकदा कस्टममधून सुटलेला माल सगळीकडेच सुटलेला असे. आता ब्रिटनचा माल कोणता आणि युरोपचा कोणता हे शक्यतो न्हावा शेव्याला कंटेनर बंद करतानाच ठरवावे लागते. सोलापूरच्या टॉवेलचेही तसेच. समजा, इथल्या एखाद्या घाऊक व्यापाऱ्याने ते मागवले, आयातीचे सोपस्कार पूर्ण केले आणि त्यातले थोडे डब्लिनच्या दुकानाला विकले. ते टॉवेल ब्रिटनमध्ये तयार झालेले नसल्यामुळे शून्य शुल्काचा करार त्यांना लागू होत नाही आणि युरोपीय संघातल्या आयर्लंडच्या बंदरात पुन्हा शुल्क भरावे लागते. माल तोच, शुल्क दोनदा. यावर उपाय म्हणजे डब्लिनचा माल सोलापूरहून परस्पर पाठवायचा. पण मग इथल्या व्यापाऱ्याचे मधल्यामध्ये काय काम उरले?

२४ जुलै २०२५ रोजी भारत आणि ब्रिटन यांच्यातल्या व्यापार करारावर सह्या झाल्या तेव्हा गावाकडून अभिनंदनाचे संदेश आले. करार भारताच्या दृष्टीने चांगलाच आहे. भारताच्या ९९ टक्के मालावर इथे शुल्क राहणार नाही. ब्रिटनच्या बाजूने पाहता, इथल्या सरकारच्या स्वतःच्या अंदाजानुसार त्यातून राष्ट्रीय उत्पन्नात कालांतराने ०.१३ टक्क्यांची भर पडेल. ऑस्ट्रेलियाच्या कराराने ०.०८ टक्क्यांची. हे आकडे चार टक्क्यांशेजारी ठेवून पाहावेत. कोपऱ्यावरचे दुकान सोडून दूरच्या मंडईशी कितीही चांगला खातेव्यवहार जुळवला, तरी कोथिंबीर कोणी तिथून आणत नाही.

१९ मे २०२५ रोजी लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ यांची शिखर बैठक झाली आणि अन्नपदार्थांच्या तपासण्या बव्हंशी रद्द करणारा करार करण्याचे ठरले. तसे झाले तर आरोग्य प्रमाणपत्रे जातील, वेगळ्या शाईतल्या सह्या जातील आणि आमच्या कचेरीतली निम्मी टेबले रिकामी होतील. पोर्ट्समथच्या बंदरात अडीच कोटी पौंड खर्चून तपासणी केंद्र बांधले आहे; त्याचा पुरता वापर होण्याआधीच ते पाडावे लागेल की काय, अशी चर्चा सुरू झाली आहे. मी चीजवाल्याला फोन करून ही बातमी दिली. तो म्हणाला की जर्मनीतले त्याचे जुने गिऱ्हाईक आता डच चीज घेते, आणि ते चांगले असते.

मागच्या खेपेस भारतात आलो तेव्हा ठाण्याहून मुंबईला बसने गेलो. ब्रिटनने नोटीस दिल्यानंतर तीनच महिन्यांनी, १ जुलै २०१७ रोजी, जीएसटी आला आणि मुंबईचे जकात नाके एका रात्रीत बंद झाले. गाड्या आता तिथून न थांबता जातात. शेजारच्या सीटवरच्या बाईंनी मात्र वाहकाकडे तिकीट मागितले ते मुलुंड चेक नाक्याचेच.